कमी पाठवण्याचे कसब

चेंडू सीमारेषेकडे धावू लागला की मोबाइलवरच्या हिरवळीचे क्षणभर चौकोन होतात, स्टँडमधल्या गर्दीचा चिखल होतो आणि पाहणारा वैतागून म्हणतो, व्हिडिओ फारच कॉम्प्रेस केलाय. या तक्रारीमागचा समज असा की मूळ चित्र उत्तमच असते, वाटेत कुणीतरी ते दाबते आणि जितके दाबावे तितका दर्जा उतरतो. एक ठरावीक चित्र आणि एक ठरावीक तंत्र घेतले तर हे खरेही आहे. पण इंटरनेटवरच्या व्हिडिओची गेली तीसेक वर्षे सलग पाहिली तर गोष्ट उलटी निघते. पडद्यावरचे चित्र सुधारत गेले ते मुख्यतः कमी पाठवण्याचे कसब वाढत गेले म्हणून. साधा हिशेब करून पाहावा. फुल एचडीच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर दर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. रंगाचा तपशील नेहमीच्या पद्धतीने कमी केला तरी ६२ कोटी उरतात. प्रत्यक्षात घरी येणारा चांगला एचडी प्रवाह ५० लाख बिटांच्या आसपास असतो. म्हणजे १२४ भागांतले १२३ भाग पाठवलेलेच नसतात, आणि तरी आपण त्या चित्रातला यष्टीरक्षकाच्या ग्लोव्हजवरचा मळ पाहू शकतो.

हे कसब संगणकाबरोबर आले असेही नाही. दूरचित्रवाणीचे अभियंते अगदी सुरुवातीपासून प्रेक्षकाच्या डोळ्यावर हिशेब मांडत होते. आपले दूरदर्शन ६२५ ओळींचे, पण त्या ओळी एका दमात कधीच येत नसत. आधी विषम ओळी, मग सम ओळी, अशा सेकंदाला ५० अर्ध्या चौकटी येत आणि डोळा त्यांची मोट बांधून घेई. लागणारी जागा अशी थेट निम्म्यावर आली. रंगीत दूरचित्रवाणीच्या वेळी याच विचाराची पुढची पायरी आली. डोळ्याला उजेड-अंधाराची रेघ बारीक दिसते, रंगाची रेघ मात्र तितकी बारीक दिसत नाही, हे आरसीए कंपनीतल्या आल्डा बेडफर्ड यांनी १९५०मध्ये प्रयोगांनी दाखवले. १९५३मध्ये अमेरिकेने स्वीकारलेल्या रंगीत पद्धतीत रंगाला ठेवलेली जागा म्हणूनच अगदी तुटपुंजी होती. भारतात १९८२मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा घेतलेली पाल पद्धतही त्याच तत्त्वावरची. तेव्हा कुणी याला कॉम्प्रेशन म्हणत नव्हते, पण ते तेच होते. दोन सलग चौकटींतला फक्त फरक पाठवावा ही कल्पनाही जुनी आहे. रे केल यांनी १९२९मध्येच तिचे पेटंट घेतले होते. वर्गात हजेरी घेताना सगळा पट वाचण्याऐवजी फक्त गैरहजरांचे क्रमांक सांगावेत, तसे हे. अडचण एवढीच होती की फरक काढण्यासाठी आधीची चौकट कुठेतरी साठवावी लागते, आणि १९२९मध्ये चित्र साठवणारे यंत्र कुणाकडेच नव्हते.

ही गरज पुढे रेटली ती दूरचित्रवाणीपेक्षा टेलिफोनने. एटी अँड टी कंपनीने १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात पिक्चरफोन दाखवला आणि १९७०मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची सेवा सुरू केली. एवढ्याशा पडद्यासाठीही शेकडो फोन संभाषणांइतकी जागा लागत होती. सेवा परवडली नाही आणि बारगळली. चित्र फोनच्या तारेतून न्यायचे तर ते शंभर पटींनी आवळायला हवे, एवढे मात्र त्यातून पक्के झाले. त्याच काळात अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात नसीर अहमद नावाचे एक प्राध्यापक या प्रश्नावर विचार करत होते. जन्म बंगळूरचा, अभियांत्रिकीची पदवीही तिथलीच. चित्राचा तुकडा कोसाइन लहरींच्या बेरजेत मांडता येईल, या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी १९७२मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. अर्ज नाकारला गेला. कल्पना फारच साधी आहे, असे एका परीक्षकाचे मत पडल्याचे त्यांनी नंतर लिहिले आहे. अनुदान नसतानाही त्यांनी काम सोडले नाही. जानेवारी १९७४मध्ये त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासचे के. आर. राव यांच्यासह जेमतेम चार पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजे डीसीटी, ते हेच. साधी म्हणून नाकारलेली ही कल्पना पुढे जवळजवळ प्रत्येक डिजिटल फोटोत आणि व्हिडिओत जाऊन बसली.

डीसीटी काय करते हे नीट पाहिले तर कॉम्प्रेशनबद्दलचे निम्मे गैरसमज गळून पडतात. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातले ६४ बिंदू जसेच्या तसे न सांगता ६४ ठरावीक नक्षींची बेरीज म्हणून सांगायचे: पहिली नक्षी सपाट, मग हलक्या चढउताराची, शेवटच्या अगदी बारीक जाळीच्या. यात काहीच गमावलेले नसते, फक्त माहितीची मांडणी बदलते. मात्र आभाळ, भिंत, गाल अशा बहुतेक चौकोनांत पहिल्या चार-पाच नक्षींतच सारा ऐवज सापडतो आणि बाकीच्यांचे आकडे शून्याजवळ असतात. त्यांना सरळ शून्य मानायचे, हा दुसरा टप्पा, आणि खरी काटछाट होते ती इथे. काय टाकायचे हे डोळ्याच्या मर्यादा पाहून ठरते: बारीक जाळी आधी जाते, सपाट उजेड शेवटपर्यंत राहतो. चौकोन दिसतात ते या काटछाटीला बिट पुरेसे मिळाले नाहीत तर. दोष मांडणीचा नसून उपाशी ठेवण्याचा आहे.

याला जोड मिळाली हालचालीच्या अंदाजाची. फलंदाज डावीकडे सरकला तर त्याचे नवे चित्र कशाला पाठवायचे? मागच्या चौकटीतला हा तुकडा अमुक बिंदू डावीकडे घ्या, एवढे सांगितले की झाले. अनिल जैन आणि जसवंत जैन यांनी १९८१च्या निबंधात तुकड्यांची हालचाल शोधून उरलेला फरक डीसीटीने आवळण्याची रीत मांडली. हीच जोडगोळी १९८८च्या एच.२६१ या मानकाचा पाया झाली. ते मानक आयएसडीएन टेलिफोन वाहिनीसाठी, ६४ किलोबिटच्या पटीत आखलेले होते. त्याच वर्षी लिओनार्दो किआरिलिओने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने एमपेग हा गट उभा राहिला. त्यांच्या पहिल्या मानकाचे उद्दिष्ट मजेशीर वाटावे इतके ठोस होते: गाण्याची सीडी ज्या वेगाने फिरते त्याच वेगात चित्रपट बसवायचा. त्यातून १९९३मध्ये व्हिडिओ सीडी आली. पाश्चात्त्य बाजारात तिला फारसे कुणी विचारले नाही, पण आशियात ती घरोघर गेली. महाराष्ट्रात कितीतरी मराठी नाटके आणि चित्रपट लोकांनी पाहिले ते दोन-तीन तबकड्यांच्या पाकिटांतून. एका तबकडीवर ७४ मिनिटे मावत, म्हणून नाटकाचा अंक कुठे तोडायचा हेही तबकडीच ठरवी.

ही व्हीसीडी या निबंधातला सर्वांत उपयोगी पुरावा आहे, कारण तिचा वेग कधीच बदलला नाही. चित्राला सेकंदाला साडेअकरा लाख बिट, बस्स. त्यात १९९३चे तंत्र ३५२ गुणिले २८८, म्हणजे सुमारे एक लाख बिंदूंची चौकट देऊ शकत होते, तीही हालचाल वाढली की फुटायची. आता वाहिनी तेवढीच ठेवून पुढे येऊ. २००३मध्ये एच.२६४ आले. त्यात चौकोन गरजेप्रमाणे लहान-मोठे होऊ लागले, हालचाल पाव बिंदूपर्यंत मोजता येऊ लागली, आणि चौकोनांच्या कडा पुसून काढणारी चाळणी मानकातच बसवली गेली. या तंत्रावर नेटफ्लिक्सच्या जुन्या शिडीत, म्हणजे किती बिटांना कोणती चौकट याच्या तक्त्यात, २३.५ लाख बिटांना १२८० गुणिले ७२०ची चौकट मिळत होती. २०१३च्या एचईव्हीसी या पुढच्या मानकाने तेवढाच दर्जा साधारण निम्म्या बिटांत आणला. म्हणजे व्हीसीडीच्या त्याच साडेअकरा-बारा लाख बिटांत आता सव्वानऊ लाख बिंदूंचे चित्र बसते. तार तीच धरली तरी चौकट नऊ पट मोठी झाली. हा फरक केबलच्या किंवा टॉवरच्या खात्यावर मांडता येणार नाही.

यात एक बारकावा आहे आणि मला तो सगळ्या इतिहासात सर्वांत हुशारीचा वाटतो. एमपेग आणि एच.२६x घराण्यातली मानके व्हिडिओ कसा आवळावा हे सांगतच नाहीत. आवळलेला व्हिडिओ कसा उलगडावा एवढेच ती बांधून देतात. त्यामुळे घरातला सेट-टॉप बॉक्स किंवा फोनमधली चिप तीच राहते, आणि पाठवणारा मात्र दरवर्षी हुशार होत जातो. २००४च्या सुमारास लोरां एमार यांनी सुरू केलेल्या एक्स२६४ या मुक्त सॉफ्टवेअरने हेच केले. कुठल्या चौकोनाला किती बिट द्यायचे, कुठली चौकट पुढच्या दहा चौकटींना आधार देणार आहे, याचा विचार स्वयंसेवकांच्या हातून अनेक बलाढ्य कंपन्यांच्या महागड्या यंत्रांपेक्षा चांगला झाला. प्रेक्षकाने काही विकत घेतले नाही, तरी त्याच्याच यंत्रावरचे चित्र सुधारले.

वेबवर या साऱ्याची खरी परीक्षा झाली. १९९७चा रिअलव्हिडिओ ५६ किलोबिटच्या मोडेमवरून टपालाच्या तिकिटाएवढे, अडखळणारे चित्र दाखवी. २००४च्या ब्रॉडबँड धोरणात भारत सरकारने २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले, आणि पुढच्याच वर्षी यूट्यूब सुरू झाले. त्याचे ३२० गुणिले २४०चे चित्र फ्लॅशमधल्या सोरेन्सन स्पार्क या तंत्रावर चाले, जे एच.२६३चेच भावंड होते. कच्च्या स्वरूपात एवढ्याशा चित्रालाही २३ मेगाबिट लागले असते, मिळत होते एक चतुर्थांश मेगाबिट. लोक व्हिडिओ थांबवून ठेवत आणि पट्टी भरेपर्यंत चहा टाकत. २००७मध्ये आयफोन आला तेव्हा त्यासाठी यूट्यूबने आपले व्हिडिओ एच.२६४मध्ये नव्याने आवळायला घेतले, डिसेंबरात फ्लॅशनेही तेच तंत्र स्वीकारले, आणि पुढच्या दोन वर्षांत यूट्यूबवर ७२० आणि मग १०८० ओळी आल्या. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट जमली. मायक्रोसॉफ्टने २००८मध्ये आणि ॲपलने २००९मध्ये व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा पाच-दहा वेगवेगळ्या बिटरेटांवर तयार ठेवायला सुरुवात केली. फोन दर तुकड्याला आपला वेग पाहतो आणि झेपेल ती प्रत मागतो. गाडी बोगद्यात शिरली की चित्र धूसर होते, पण थांबत नाही. दर्जा म्हणजे केवळ रेखीवपणा नव्हे, अखंडपणाही, हे मान्य केले तर या शिडीचे श्रेय मोठे आहे. आणि तिच्या खालच्या पायऱ्यांवर बघण्याजोगे चित्र उभे राहते ते कॉम्प्रेशनमुळेच.

यावर सरळ आक्षेप येईल की हे सारे ठीक, पण भारतात व्हिडिओ खरा पसरला तो सप्टेंबर २०१६नंतर, जिओने फोरजी स्वस्त केल्यावर. कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळण्या-उलगडण्याची ही तंत्रे, तर आधीपासूनच होते. आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला अर्धा भाग मान्य करायलाच हवा. ५६ किलोबिटच्या मोडेमवर जगातला कोणताही कोडेक सामना दाखवू शकला नसता. मात्र वेग वाढला म्हणून कॉम्प्रेशनची गरज उरली नाही, हा त्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. घरात १०० मेगाबिटची जोडणी असली तरी अशा सहा जोडण्यांच्या एकत्रित तारेतही फुल एचडीचा एक कच्चा प्रवाह मावत नाही. आणि प्रश्न एका घराचा नसतोच. १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादमधला विश्वचषकाचा अंतिम सामना डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक पाहत होते. प्रत्येकाला जेमतेम २ मेगाबिट धरले तरी ११८ टेराबिट होतात; तेच फुल एचडी कच्चे पाठवायचे तर ३६,००० टेराबिटच्या वर. त्यातून क्रिकेट हा आवळायला अवघड खेळ. गवत आणि गर्दी म्हणजे निव्वळ बारीक जाळी, कॅमेरा चेंडूमागे झपाट्याने वळतो म्हणजे मागच्या चौकटीचा उपयोग कमी, आणि थेट प्रक्षेपण म्हणजे पुन्हा पुन्हा विचार करून आवळायला वेळ नाही. स्वस्त डेटाने दार उघडले, एवढे नक्की. दारातून काय आत येऊ शकेल हे कोडेकने ठरवले.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे: कसब वाढले, पण नफा कुणाचा? वाचलेले बिट प्रेक्षकाला मिळतात की कंपनीच्या तिजोरीत जातात? इथे इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. डीटीएच आणि केबलच्या काळात उपग्रहावरच्या एकाच ट्रान्सपाँडरवर (प्रक्षेपकावर) आणखी दोन वाहिन्या कोंबण्यासाठी वाचलेली जागा सर्रास वापरली गेली, आणि त्याचे चौकोन घरोघर दिसले. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत युरोपीय आयुक्त थिएरी ब्रतों यांच्या विनंतीनंतर नेटफ्लिक्सने युरोपातली रहदारी २५ टक्क्यांनी कमी केली, आणि तसे करताना ग्राहकाने पैसे मोजलेले रेझोल्यूशन कायम राहील असेही सांगितले. चौकटीचा आकार तोच ठेवून आतला ऐवज कमी करता येतो, याची इतकी उघड कबुली क्वचितच मिळते. एचडी किंवा ४के हा शिक्का बिंदू किती ते सांगतो, त्या बिंदूंत सच्चेपणा किती ते नाही. भारतात त्याच महिन्याच्या अखेरीस बड्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल जाळ्यांवर ४८० ओळींपुरतेच थांबण्याचे एकत्र ठरवले, १४ एप्रिलपर्यंत. हे निदान प्रामाणिक होते, कारण ओळी कमी झाल्याचे दिसत तरी होते. दुसऱ्या पारड्यात २०१५च्या अखेरीस नेटफ्लिक्सने केलेला बदल टाकावा लागेल. तोवर सगळ्याच चित्रपटांना २३५ किलोबिटपासून ५८०० किलोबिटपर्यंतची एकच ठरलेली शिडी होती. व्यंगपटासारखे सपाट रंगांचे चित्र थोड्या बिटांत उत्तम दिसते, पावसातल्या मारामारीला दुप्पट लागतात; तरी दोघांना सारखाच शिधा. मग प्रत्येक शीर्षकाची शिडी वेगळी बांधली गेली. मंद जोडणीवरच्या घराला यातून खरोखरच मोठी चौकट मिळाली, आणि कंपनीचे बिलही घटले. तंत्र कुणाची बाजू घेत नाही. वाचलेले बिट कुठे खर्चायचे हा निर्णय माणसे घेतात आणि तो तपासण्याचे साधन प्रेक्षकाच्या हाती अजून फारसे नाही.

पेटंटांचे भांडण थोडक्यात सांगितले तरी चालेल. एचईव्हीसी उत्तम असूनही वेबवर रखडले, कारण त्याचे हक्क अनेक गटांकडे विखुरले होते आणि एकूण किती मोजायचे हे कुणाला खात्रीने सांगता येईना. त्याला वैतागून २०१५मध्ये गूगल, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, मोझिला, मायक्रोसॉफ्ट, सिस्को आणि इंटेल एकत्र आले आणि २०१८मध्ये एव्ही१ हे रॉयल्टीमुक्त तंत्र बाहेर पडले. काही वर्षे चित्राचा दर्जा प्रयोगशाळेत पुढे आणि पडद्यावर मागे राहिला, तो वकिलांमुळे.

उरतो तो मूळ आक्षेप: टाकलेले ते टाकलेलेच. त्याला खोडून काढता येत नाही आणि काढूही नये. एव्ही१मध्ये याचे टोक दिसते. जुन्या फिल्मचे दाणे म्हणजे निव्वळ यादृच्छिक ठिपके, आणि ते आवळायला सर्वांत महाग. म्हणून ते आधी पुसून टाकायचे, त्यांची जातकुळी काही आकड्यांत लिहून पाठवायची आणि प्रेक्षकाच्या यंत्रावर तसेच दिसणारे नवे दाणे पेरायचे. डोळ्याला फरक कळत नाही, आणि पाहण्यापुरते हे मला पूर्ण मान्य आहे. जपण्यापुरते नाही. १९६४मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या संग्रहातल्या फिल्मचे ४के स्कॅनिंग होते, तेव्हा हिशेब वेगळा असतो: ४०९६ गुणिले ३११२ बिंदूंची न आवळलेली एक चौकट सुमारे ५१ मेगाबाइटची, आणि दोन तासांच्या चित्रपटात अशा १ लाख ७२ हजार ८०० चौकटी. बेरीज पावणेनऊ टेराबाइटच्या घरात जाते. तोच चित्रपट ५ मेगाबिटच्या प्रवाहातून घरी येतो तेव्हा त्याचा साधारण दोन हजारावा भाग येतो. दोन्ही प्रती आपापल्या जागी बरोबर आहेत. गडबड होते ती वाटपाची प्रतच जपणुकीची प्रत होऊन बसते तेव्हा. व्हीसीडीवर आलेल्या ज्या मराठी नाटकांच्या मूळ चित्रीकरणाच्या टेप राहिल्या नसतील, त्यांच्याकडे आता एक लाख बिंदूंची चौकटच उरणार. ती एआयने मोठी करून देणारी सॉफ्टवेअरे नटाच्या कपाळावर ज्या आठ्या काढतात त्या अंदाजाच्या असतात. ज्यांच्या टेप अजून कुणाच्या कपाटात आहेत, त्या आहेत तोवर न आवळता उतरवून घ्याव्यात. यूट्यूबवर कोणत्या कोडेकमध्ये चढवायच्या हे नंतर ठरवता येईल.